संज्ञा आणि इतिहास : अजिंठ्यातील एका चित्राची कथा

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडच्या शिवारात उभे असलेले बुजगावणे वाचकांच्या परिचयाचे आहे. बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्गा’त संज्ञेचे, म्हणजेच पालीतील ‘सञ्ञा’चे, स्वरूप विशद करताना हीच उपमा योजिली आहे. गवताचा पुतळा पाहून हरणाच्या पाडसांना तो माणूस वाटतो. सुतार लाकडावर खूण करतो आणि पुढे त्या खुणेवरून ते ओळखतो, तसे संज्ञेचे कार्य होय. खूण यथार्थ आहे की नाही, हे ती तपाशीत नाही. ते काम प्रज्ञेचे. नाण्यांचे खरेखोटेपण सराफच पारखतो, बालकाला केवळ त्यांचा रंग व आकार दिसतो, हा दृष्टान्तही त्याच ग्रंथातला.

इतिहासकारांचीही अशीच गत होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, दर्शनी भिंतीच्या आतील बाजूस, राजदरबाराचे एक चित्र आहे. टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी पुरुष राजाला भेटवस्तू अर्पण करीत आहेत. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी आणि १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यास मुक्काम करून तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. (गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या.) १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी या चित्राला नाव दिले : चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकील. टोपी दिसली, इराण आठवला. इराण आठवताच खुस्रौ आणि पुलकेशी आले. पुलकेशी सातव्या शतकातला, म्हणून लेणेही सातव्या शतकात जाऊन बसले.

पुढे डीटर श्लिंगलॉफ व वॉल्टर स्पिंक या अभ्यासकांनी ते चित्र महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडले. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात प्रजाजन विपुल धन घेऊन येतात आणि राजा ते स्वीकारीत नाही. स्पिंक यांच्या मते लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळचे आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट तेथेच मिळाला असून त्यातील दानभूमी नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गावरील आहे. नांदेडहून वाशीमला जाणारा रस्ता आजही हिंगोलीवरूनच जातो! इतक्या जवळचा राजवंश त्या एका टोपीमुळे दृष्टीआड झाला.

नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख भिक्खुसंघाला दिलेल्या दानांची साक्ष देतात, तरी लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ही चूक आपण आवेशाने दाखवितो, ते योग्यच आहे. मात्र प्रत्येक पडक्या चौथऱ्यात विहार दिसू लागला, तर तेही पाडसाचेच पाहणे होय. तेथेही शिलालेख, नाणी, विटांचे माप मागितलेच पाहिजे.

महासुदस्सन सुत्ताचा आरंभ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कुसिनारा हे आडवळणाचे, क्षुद्र गाव. तथागतांनी येथे परिनिर्वाण पावू नये, असे आनंद विनवितो. आनंदाने असे बोलू नये, एकेकाळी येथेच महासुदर्शनाची राजधानी कुसावती होती, असे तथागत त्याला सांगतात.