तिकिटाचे पैसे कोणाचे?

लेखमाला : हवामानाच्या वाटाघाटी, उपनगरातून पाहताना
लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचा मसुदा कसा घडतो ते पाहिले. न पटलेली वाक्ये चौकोनी कंसात कशी अडकून पडतात आणि शेवटच्या रात्री जागून ते कंस कसे सोडवले जातात, हेही पाहिले. आता त्या सभागृहाच्या दाराशी येऊ. आत मागच्या रांगेत वही उघडून बसलेला विद्यार्थी तिथवर पोहोचतो कसा, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या पैशाने?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत महाविद्यालयांतली पर्यावरण मंडळे वर्षभर काही ना काही करत असतात. वृक्षारोपण, किनारा सफाई, पोस्टर स्पर्धा यांना चार पैसे मिळतात, कारण ते काम डोळ्यांना दिसते. पण एखाद्या मुलीने ‘मला हवामान परिषदेला जायचंय’ म्हटले, की कौतुक सगळेच करतात आणि खिशाकडे गेलेला हात हळूच मागे घेतात. देणाऱ्याच्या मनातली शंका रास्त असते: ही परदेशवारी आहे की काम? त्या शंकेला उत्तर दिल्याशिवाय निधी उभा राहत नाही.

बिल्ला फुकट, वाट महाग

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. या परिषदेत भाग घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रे एक पैसाही आकारत नाहीत. १९९५ मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली, तेव्हापासून सरकारी शिष्टमंडळांबरोबर ‘निरीक्षक’ संस्थांनाही आत जागा असते. अशा मान्यताप्राप्त अशासकीय संस्था आज तीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत विद्यापीठे व संशोधन संस्थाही येतात. परिषदेचे सचिवालय प्रत्येक संस्थेला दरवर्षी ठरावीक जागा देते. संस्थेने नावे कळवायची आणि त्या नावांना बिल्ले मिळतात. तरुणांच्या संघटनांचा ‘यंगो’ नावाचा गट आहे. त्याला २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मोठ्या सभेत या गटाच्या वाट्याला बोलायला मिनिट-दोन मिनिटे येतात.

म्हणून ‘अमुक लाख भरा, तुम्हाला प्रतिनिधी करतो’ असा निरोप फोनवर आला की सावध व्हावे. प्रवासाची आणि राहण्याची सोय कोणीही विकू शकतो. संयुक्त राष्ट्रांचा बिल्ला मात्र विक्रीची वस्तू नाही. जो विकतो म्हणतो, त्याच्याकडे आधी मान्यताप्राप्त संस्थेचे नाव मागावे आणि ते सचिवालयाच्या यादीत आहे का, ते स्वतः तपासावे.

खर्च होतो तो वाटेवर. २०२५ ची परिषद ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या बेलेम शहरात झाली. तिथे हॉटेलांचे दर इतके भडकले की पाहुण्यांसाठी दोन मोठी प्रवासी जहाजे बंदरात आणून उभी करावी लागली. विमानाचे तिकीट, दोन आठवड्यांची निवास व्यवस्था, जेवण, व्हिसा आणि विमा हे सगळ्यांना सुचते. न सुचणाऱ्या बाबीही असतात. ब्राझीलहून परतणाऱ्याला भारतात उतरताना पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. दाखला नसेल तर विलगीकरणाची पाळी येऊ शकते. वाटाघाटींची जूनमधली बैठक जर्मनीतल्या बॉन शहरात होते. तिथे जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते.

व्हिसाच्या अर्जाला बँकेचे विवरणपत्रही जोडायचे असते. म्हणजे पैसे निघायच्या आदल्या आठवड्यात जमून उपयोग नाही, ते काही महिने आधी खात्यात दिसायला हवेत. निधी संकलन रखडले की पुढे सगळेच रखडते. शिवाय परिषद बहुधा नोव्हेंबरात भरते आणि मुंबई विद्यापीठाच्या हिवाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. पैसे जमले आणि पेपर बुडाला असे व्हायला नको, म्हणून प्राचार्यांशी बोलणी वर्गणीच्या आधीच झालेली बरी.

कोणाचा पैसा चालतो

सर्वांत आधी आठवते ती कंपन्यांची सीएसआर. अंधेरी-पवईच्या पट्ट्यात मोठी कार्यालये दाटीने उभी आहेत, कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत आणि मान्य विषयांत शिक्षणही आहे, पर्यावरणही आहे. मग अडते कुठे? नियमांतच. भारताबाहेर केलेला उपक्रम सीएसआर म्हणून धरला जात नाही. याला अपवाद एकच ठेवला आहे: राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचे प्रशिक्षण. कुस्तीगिराच्या परदेशातल्या सरावाला जी वाट मोकळी आहे, ती वाटाघाटींना जाणाऱ्या विद्यार्थ्याला नाही. कंपनीच्या दारात वर्षभर खेटे घालण्याआधी हे माहीत असले तर वेळ वाचतो. मात्र जाण्यापूर्वीचे इथले प्रशिक्षण, परतल्यावर वस्त्यांमध्ये घ्यायच्या सभा, पुराच्या नोंदी ठेवण्याचे काम हे सगळे भारतातच होते. कंपनीकडे मागायचे ते त्यासाठी.

सरकारी शिष्यवृत्त्यांचा रोख पदवीवर असतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठात शिकायला मदत करते. दोन आठवड्यांच्या परिषदेला ती लागू होत नाही. संशोधकांना मिळणारे प्रवास अनुदान निबंध वाचणाऱ्यासाठी असते आणि इथे निबंध वाचायचा नसतो. संयुक्त राष्ट्रांचा सहभाग निधी आहे, पण तो विकसनशील देशांच्या सरकारी प्रतिनिधींसाठी. २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेवेळी यजमान अमिरातीने १०० तरुणांचा खर्च उचलला होता. त्यातला भर मात्र अल्पविकसित देश, छोटी बेटराष्ट्रे आणि आदिवासी समाज यांच्यावर होता. भारत यांपैकी पहिल्या दोन्ही याद्यांत नाही.

मग आठवतो अमेरिकेतला काका. इथे कायदा बारकाईने वाचावा लागतो. काकाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत महाविद्यालयाच्या न्यासाला देणगी देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम परकीय देणगी होते. मग मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही भागत नाही. न्यासाची परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर ही रक्कम घेता येत नाही, आणि नोंदणी असेल तर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. परदेशी संस्थेने ‘आम्ही पैसे पाठवतो’ म्हटले म्हणून विद्यार्थी मंडळाच्या खात्याचा क्रमांक देऊन मोकळे होऊ नये.

उरते ती आपली वर्गणी. गणेशोत्सवामुळे उपनगराला तिचे तंत्र नवे नाही आणि तिचे नियमही मंडळांना पाठ आहेत. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय हेतूने वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या गटालाही हे टाळता येणार नाही. म्हणून महाविद्यालयाच्या नोंदणीकृत न्यासामार्फत जाणे सोपे पडते. पावतीपुस्तक, बँक खाते आणि लेखापरीक्षण तिथे आधीच असते. न्यासाकडे देणगीदारांसाठीच्या प्राप्तिकर सवलतीची मान्यता (८०जी) असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलतही मिळते, नव्या प्रणालीतल्याला नाही. न्यासाचा पैसा देशाबाहेर खर्च झाला तर न्यासाच्या करसवलतीचे काय, हे सीएला आधी विचारावे, नंतर नाही.

घरटी अडीचशे

आता आकडा मांडू. समजा, दोन विद्यार्थ्यांचा मिळून सहा लाख रुपये खर्च आहे. १२० घरांच्या सोसायटीत घरटी २५० रुपये धरले तर ३० हजार होतात. अशा दहा सोसायट्यांनी निम्मा भार उचलला, तर उरलेल्यासाठी माजी विद्यार्थी, रोटरी-लायन्ससारखे क्लब आणि बाजारपेठेतले व्यापारी असतात. एका बड्या देणगीदाराकडून सहा लाख आणणे कमी दगदगीचे, हे खरे. पण मग परतल्यावर अहवाल त्या एकाला द्यायचा आणि फोटोत फलकही त्याचाच झळकणार. बाराशे घरांचे पैसे घेतले तर बाराशे घरांना उत्तर द्यावे लागते. माझ्या मते या निधीचा खरा फायदा इथेच आहे. वर्गणी मागायला दारात उभ्या राहिलेल्या मुलाला ‘तू तिकडे जाऊन करणार काय?’ हा प्रश्न शंभरदा ऐकावा लागतो आणि शंभराव्या खेपेपर्यंत त्याचे उत्तर तयार होते.

ते उत्तर काय असावे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याआधी जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात टेकडी वस्तीवर कोसळून साठाहून अधिक माणसे गेली होती. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य आहे आणि पुराचे व पाणी व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उतारावरच्या घरांना आधारभिंती, नाल्यांची रुंदी, धोक्याची सूचना वेळेवर पोहोचवणे या सगळ्याला पैसा लागतो. २०२४ च्या बाकू परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. भारताने हा आकडा अपुरा असल्याचे तिथेच सुनावले. त्या पैशातला किती वाटा उत्सर्जन घटवण्याकडे जाईल आणि किती बचावाच्या कामांकडे, तो मिळणार कर्जाने की अनुदानाने, आणि महानगरपालिका त्यासाठी थेट अर्ज करू शकेल का? घाटकोपरच्या उतारावर राहणाऱ्या मुलीने विचारावेत असे हे तीन प्रश्न. ‘पृथ्वी वाचवा’ हे उत्तर अडीचशे रुपयांनाही महाग आहे.

म्हणूनच निवड इंग्रजी वक्तृत्वावर होऊ नये. आझादनगरची आठवण जिच्या घरात आहे, ती मुलगी अडखळत बोलली तरी तिचे टिपण इतरांपेक्षा नेमके असेल. पासपोर्ट नसणे हे तिला वगळायचे कारण होऊ नये. त्याचे शुल्क निधीच्या पहिल्याच ओळीत धरावे.

हवामानासाठी विमानाने जाणे हा विरोधाभास नाही का, असे सोसायटीच्या सभेत कोणीतरी विचारणारच. आहे, आणि तो लपवू नये. बारा जण पाठवायचे नाहीत, दोनच पाठवायचे, हे त्याचे व्यवहारी उत्तर. मोठ्या सभा आणि पत्रकार परिषदा सचिवालय इंटरनेटवर फुकट दाखवते. बेलेममध्ये सकाळचे दहा वाजले की मुंबईत संध्याकाळचे साडेसहा होतात. उरलेल्या दहा जणांनी कॉलेज सुटल्यावर मुलुंडच्या एखाद्या वर्गात बसून सभा पाहायची, मसुद्याच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून काय गळले ते टिपायचे आणि आत असलेल्या दोघांना प्रश्न पाठवायचे. अनौपचारिक बैठकांना निरीक्षकांना नेहमी प्रवेश मिळतोच असे नाही. दार बंद झाले की बाहेर मार्गिकेत प्रतिनिधींना गाठून विचारायचे, हे काम मात्र तिथे हजर असलेल्यालाच जमते. तिकीट काढायचे ते त्या कामासाठी.

आधी बोलणे, नंतर फेडणे

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभे राहून आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जात आहोत, ते लोकांसमोर सांगितले. विरोधकांच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले. त्या भाषणाची बातमी पसरली आणि मदत येऊ लागली. त्यांच्या बाबतीत पैशाच्या आधी जाहीर उत्तर होते.

खाशाबा जाधव यांची गोष्ट दुसऱ्या टोकाची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि गावानेही हातभार लावला. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून त्यांच्या गावी, गोळेश्वरला, त्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. पदक देशाचे झाले, पण पैसे ज्यांचे होते त्यांना खाशाबा विसरले नाहीत.

हवामान परिषदेतून पदक येत नाही. परतफेड दुसऱ्या रूपात करायची असते आणि ती वर्गणी मागतानाच ठरवलेली बरी. पावतीच्या मागे तीन ओळी छापाव्यात: कोणता प्रश्न घेऊन जात आहोत, परतल्यावर कोणत्या तारखेला कोणत्या सभागृहात हिशेब मांडणार आहोत, आणि उरलेल्या पैशाचे काय करणार आहोत. त्या सभेला नगरसेवक आणि वॉर्ड कार्यालयाचे अभियंते यांना बोलवावे. परिषदेत काय ठरले ते सांगून लगेच विचारावे, की यातले आपल्या वॉर्डात काय येणार आणि केव्हा. महानगरपालिकेने २०२४ पासून हवामान अर्थसंकल्प वेगळा मांडायला सुरुवात केली आहे. त्यातली आपल्या वॉर्डाची पाने त्या दिवशी टेबलावर असावीत. २०२६ ची परिषद नोव्हेंबरमध्ये तुर्कीतल्या अंताल्याला आहे. ज्या मंडळाला तिथे कोणाला पाठवायचे असेल, त्याने पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी या सभेची तारीख ठरवावी.

(पुढील लेखांकात : तीनशे अब्ज डॉलरमध्ये काय मोजतात आणि काय मोजत नाहीत)