हॉटेलचे बिल आणि आपली भीड

दिवाळीच्या सुटीत फराळाचे डबे रिते होऊ लागले की सहकुटुंब हॉटेलात जेवण्याचा बेत घरोघर ठरतो. त्याला उधळपट्टी म्हणण्याचा कर्मठपणा प्रस्तुत लेखकाकडे नाही. पंधरवडाभर चुलीपुढे राबलेल्या गृहिणीची एका वेळची विश्रांती हिशेबी माणसानेही लाभाच्या बाजूला मांडावी. प्रश्न आहे तो बिलाचा. पदार्थांचे दर आपण बारकाईने न्याहाळतो, दोन मुलांत एक मसाला डोसा वाटून देतो. मात्र बिल आले की चारचौघांत ते वाचण्याची आपल्याला लाज वाटते. ‘सेवा शुल्क’ ही ओळ या लाजेवरच उभी आहे. १,००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सेवा शुल्क आणि त्यासह होणाऱ्या रकमेवर ५ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर ११५५ रुपये होतात. शुल्क वगळल्यास १०५०. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये या शुल्काच्या सक्तीस मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या मार्गदर्शक सूचना उचलून धरल्या. तेव्हा ‘ही ओळ काढा’ असे शांतपणे सांगावे. ऐकले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. कर मात्र द्यावाच लागतो. (अर्थात ‘कंपोझिशन’ योजनेतील लहान खाणावळीला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही.) मग वाढप्याचे काय, असे कोणी विचारील. त्याच्या हाती वीस-पन्नास रुपये आपखुशीने ठेवावेत. सेवा शुल्काचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे बिलावर कोठेच छापलेले नसते.