घर घेताना, घर देताना

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु बांधलेले घर घेणाऱ्याने काय पाहावे, हे ती सांगत नाही. जांबोटीसारख्या अतिपावसाच्या गावी घराची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. उन्हाळ्यात दिलेला चुना भिंतीची ओल झाकतो. म्हणून आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वी घर एकदा भरपावसात पाहावे, असे आम्ही सुचवितो.

केवळ आपल्या नजरेवर विसंबू नये. स्थापत्य अभियंता, निदान जाणता गवंडी व सुतार सोबत न्यावा आणि त्याची फी आपणच द्यावी. दलालाने आणलेला माणूस सौदा मोडेल असे सहसा बोलत नाही. पाया, भिंतींचे तडे, कौलांखालचे वासे तपासावेत. लाकूड भिंतीत शिरते तेथे ओल व वाळवी बहुधा लागते. तेथे टोचून पाहावे. निष्कर्ष लेखी घ्यावा.

विकणाऱ्यानेही यास अपमान मानू नये. वेगळा करार नसल्यास, आपणांस ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने त्याच्यावर बंधनकारक केले आहे. न सांगणे ही फसवणूक ठरते. सांगितलेल्या दोषाची किंमत ठरविता येते. लपविलेला दोष दोन घरांत वैर पेरतो.