रामकथेचे बेल्जियन उपासक

रामनवमीच्या पुण्यपर्वावर आम्हांला फादर कामिल बुल्के यांचे स्मरण होते. १९०९ साली बेल्जियममध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९३५ मध्ये भारतात आले आणि तुलसीदासांच्या वाणीने भारावून गेले. अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीतच लिहावा, असा तेव्हा दंडक होता. देशोदेशींच्या रामकथांचा शोध घेणारा आपला प्रबंध हिंदीतच लिहीन, असा आग्रह बुल्के यांनी धरला आणि विद्यापीठाने नियम बदलला! पुढे रांचीच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात हिंदी-संस्कृत विभागाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले. १९७४ मध्ये ते पद्मभूषण झाले. १९८२ मध्ये निवर्तले. स्वधर्म न सोडता त्यांनी रामकथेची आजन्म सेवा केली. मुलांशी मायबोलीत बोलण्यास संकोचणाऱ्या आपल्या घरांनी त्यांचा तो आग्रह आज आठवावा, एवढीच आमची प्रार्थना.