वासाच्या मागानें येणारी कीड

कोल्हापूरकडील शेतकऱ्याची मुख्य दृष्टि उंसावर असते. तथापि विहिरीच्या कांठीं, बांधावर व परसांत कागदी लिंबाचीं झाडें राखलेलीं दिसतात, व ज्यांस जमीन आणि पाणी अनुकूल आहे ते लहानशी बागही करितात. चांगलें वाढलेलें झाड खंगूं लागलें म्हणजे माती, पाणी किंवा खत ह्यांस दोष देण्यांत येतो. परंतु कीड त्या झाडावर कां व कशी आली, ह्याचा विचार क्वचितच होतो. ती वाऱ्याबरोबर योगायोगानें येऊन बसते, ही समजूत पुरती खरी नाहीं. कित्येक किडी आपलें झाड वासावरून शोधून काढितात.

लिंबाचें पान चुरगळलें असतां जो वास येतो, तो पानांतील सूक्ष्म ग्रंथींत असलेल्या तेलाचा होय. अखंड पानही हा वास थोडथोडा हवेंत सोडीत असतें. कोवळी पालवी, पिकलें फळ व रोगट पान ह्यांचे वास निरनिराळे असतात. आपल्या नाकास हा भेद कळत नाहीं. कीटक मात्र आपल्या मिशांनीं तो टिपतात.

फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाचें उदाहरण घ्यावें. हा दिवसा दडून राहतो व रात्रीं पिकत्या फळांच्या वासानें बागेंत येतो. सोंडेनें पाडलेलें छिद्र सडून फळ गळतें, आणि खालीं कुजणाऱ्या फळांचा वास आणखी पतंगांस बोलावितो. त्याची अळी लिंबावर नव्हे, तर गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर वाढते.

पण ह्याहून अधिक भयाची कीड सायला ही होय. ही ३ ते ४ मिलिमीटर लांब असून पानावर बसतांना शरीराचा मागील भाग उंच उचलून धरते. ह्या खुणेनें ती ओळखावी. मादी कोवळ्या पालवीवरच अंडीं घालते, आणि पालवीचा रंग व वास ह्या दोहोंच्या अनुरोधानें ती तेथें पोंचते. रस शोषल्यानें हानि होतेच. परंतु मोठी हानि ग्रीनिंग रोगाची. सायला ह्या रोगाचा प्रसार करते, हें आपल्या देशांत पुणें येथील संशोधक कपूर, राव व विश्वनाथ ह्यांनीं १९६७ सालीं दाखवून दिलें. रोगाचा सूक्ष्म जंतु झाडाच्या अन्नवाहिन्यांत वाढतो, आणि जडलेला रोग समूळ घालविणारें औषध अद्याप नाहीं.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत हा रोग २००५ सालीं आढळला व तेथील बागांची अपरिमित हानि झाली. तेथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेली एक गोष्ट आपणांसही उपयोगाची आहे. रोगी झाड मेथिल सॅलिसिलेट नांवाचें द्रव्य अधिक प्रमाणांत हवेंत सोडतें. सांधेदुखीवर चोळावयाच्या कित्येक मलमांस जो उग्र वास येतो, तो ह्याच द्रव्याचा. ह्या वासानें सायला प्रथम रोगी झाडाकडे ओढली जाते. तेथें तिला पोषण कमी मिळतें. म्हणून कांहीं काळ रस शोषून ती निरोगी झाडाकडे जाते, व जंतूही बरोबर नेते. तेव्हां "आणखी एक वर्ष खतपाणी करून पाहूं" असें म्हणून दयेनें राखलेलें रोगी झाड नुसती जागा अडवीत नाहीं. तें शेजारच्या झाडांचाही घात करितें.

झाड उपटण्यापूर्वीं रोगाची ओळख मात्र पक्की करावी. जस्ताच्या उणीवेनेंही पान पिवळें पडतें, पण तो पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोहों बाजूंस सारखा असतो. ग्रीनिंगमध्यें तो डागाडागांचा व विषम असतो. फळें लहान व वांकडीं होऊन देंठाच्या विरुद्ध टोंकास हिरवीं राहतात. संशय असल्यास कोल्हापूर येथील कृषि महाविद्यालयांतील तज्ज्ञांस पानें दाखवून प्रयोगशाळेंतील परीक्षेविषयीं विचारावें.

वासानेंच कीड दूर ठेवितां येईल काय, असा प्रश्न साहजिक आहे. व्हिएतनाममध्यें मेकाँग नदीच्या मुखाजवळ लिंबूवर्गीय झाडांत पेरू लाविला असतां सायला कमी येते, असें दिसून आलें. पेरूच्या चुरडलेल्या पानांतून सुटणारें गंधकयुक्त द्रव्य तिला मानवत नाहीं. परंतु पुढील अनुभवांत केवळ पेरूवर विसंबणें पुरेसें ठरलें नाहीं. पेरू लावावा तो त्याच्या फळासाठीं. त्यास बागेचा राखणदार समजूं नये.

शेतकऱ्याच्या हातीं असलेले उपाय साधे आहेत. कलमें खात्रीच्या रोपवाटिकेंतून घ्यावीं व रोगट झाडाचा डोळा कधींही भरूं नये. बहाराची पालवी फुटतांच झाडें बारकाईनें पाहावीं व सायला दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाणसोट वेळींच काढावे. कढीलिंब व कुंती ह्यांवरही सायला वाढते. म्हणून बागेजवळचीं हीं झाडें तपासावीं. गळलेलीं फळें रोज वेंचून पुरावीं व कुंपणावरील गुळवेल काढावी. रोगी झाड काढण्यापूर्वीं त्यावर कीटकनाशक फवारावें, नाहीं तर त्यावरील सायला उडून शेजारीं जाईल. शेवटीं हें ध्यानांत ठेवावें कीं, वासास बांध अडवीत नाहीं. एकानें झाड काढिलें व शेजाऱ्यानें राखिलें, तर दोघांचेही श्रम वायां जातील. म्हणून हें काम शेजाऱ्यांनीं मिळून, एकाच वेळीं करावें.