जाड लाकूड आगीत किती वेळ तग धरते?

आमच्या आसेगावात चूल पेटविणाऱ्या मायमाउलीला हे शिकवावे लागत नाही. काडी लावताच पऱ्हाटी भडकते, तुराटी तडतडते. बाभळीचा ओंडका मात्र लवकर पेट घेत नाही. पेटला तरी वरून काळा पडतो, आतले लाकूड शाबूत राहते. चुलीतून ओढून एकटाच बाजूला ठेवला, तर बहुधा विझतोही.

याच अनुभवावर आज परदेशात उंच इमारती उभ्या राहत आहेत. फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, असे तीन, पाच, सात थर खास गोंदाने दाबून जाड तक्ते बनवितात. त्यांना क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. ही पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत पुढे आली. अमेरिकेत मिलवॉकी शहरात २०२२ साली २५ मजल्यांची इमारत पूर्ण झाली. तिच्या वरच्या मजल्यांचा सांगाडा अशाच जाड लाकडाचा आहे. लाकडाची इमारत म्हणजे जळण्याचे आमंत्रणच, असे आपल्याला वाटेल. म्हणून मुद्दा नीट समजून घेऊ.

लाकूड सुमारे ३०० अंश तापले की त्याचा कोळसा होतो. हा कोळशाचा थर आतल्या लाकडाला गोधडीसारखा झाकतो आणि उष्णता आत जाऊ देत नाही. देवदार-पाइनसारख्या लाकडात आग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे दीड इंच आत शिरते. जड, कठीण लाकडात थोडी सावकाश. आठ इंच रुंद तुळई दोन्ही बाजूंनी तासभर जळाली, तर मधले पाच इंच लाकूड उरते. कोळशालगतचे सात-आठ मिलिमीटर लाकूड कमजोर झालेले असते, ते धरायचे नाही. बाकीचे भार पेलते.

उघड्या लोखंडाचे तसे नाही. ते जळत नाही, पण ५५०-६०० अंशांवर त्याची ताकद जवळपास निम्मी होते आणि ते वाकू लागते. भडकलेल्या खोलीत एवढी उष्णता काही मिनिटांतच होते. पातळ प्लायवूडही काही मिनिटांत आरपार जळते.

मग जाड तक्ता म्हणजे निर्धास्त झालो काय? मुळीच नाही. काही गोंद उष्णतेने सैल पडतात. मग जळालेला थर गळून पडतो, खालचे ताजे लाकूड उघडे होते आणि विझू आलेली आग पुन्हा भडकते. हे प्रयोगांत दिसल्यावर २०१८ साली अमेरिकेच्या मानकात गोंदाची आगीतली परीक्षा सक्तीची झाली. शिवाय भिंती आणि छत सगळेच लाकूड उघडे असेल, तर ते एकमेकांना पेटवीत राहते. चुलीतही एकटा ओंडका विझतो, तीन ओंडके जवळ ठेवले की धगधगतात. म्हणून तिकडे बरेचसे लाकूड जिप्समच्या जाड पाट्यांनी झाकतात आणि पाण्याचे फवारे बसवितात.

आपल्या महाराष्ट्रातही दाखला आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. एवढे मोठे लाकूडकाम, तरी शेवटी मजले गेले; दगडी तट व दरवाजे राहिले. जाडी वेळ देते, अभय देत नाही.

हा वेळच गरिबाच्या वाट्याला येत नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत कांदिवलीच्या दामूनगर वस्तीत आग लागली. सिलिंडर फुटत गेले आणि पत्रा, प्लायवूड, ताडपत्रीच्या झोपड्या बघता बघता राख झाल्या. कष्टकऱ्यांचे संसार उघड्यावर आले. लाकूड जळते हे तर खरेच. पण पातळ लाकूड माणसाला बाहेर पडायची उसंतही देत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले की जुने धाब्याचे घर पाडतात आणि सागाच्या तुळया मिळेल त्या भावाने विकून टाकतात. मग नव्या घरात सामान ठेवायला पातळ प्लायवूडचा माळा येतो. बंधू-भगिनींनो, तुळई किडलेली नसेल तर जाणत्या सुताराला दाखवून तिचाच माळा करा. घरात आग लागून गेली असेल, तर काळी झालेली तुळई लगेच फेकू नका आणि तशीच वापरूही नका. सुताराकडून कोळसा तासून घ्या, आत किती निबर लाकूड उरले ते पाहा, मगच ठरवा. सांधे व खिळे विशेष तपासा. घर पडते ते बहुधा तिथून.

पऱ्हाटी-तुराटीचा ढीग भिंतीला लावून रचू नका. दारासमोर सामान ठेवू नका. आग लागली की आधी मुले व म्हातारी माणसे बाहेर काढा, १०१ किंवा ११२ वर फोन करा. कागदपत्रांसाठीसुद्धा परत आत जाऊ नका. तालुक्याहून बंब यायला वेळ लागतो. जाड तुळई काही वेळ छत धरून राहू शकते. पण तो वेळ बाहेर पडण्यासाठी आहे, सामान काढण्यासाठी नव्हे.