तळ्यांच्या मुलखांतील पायवाट

फ्रान्स देशाचा नकाशा पुढें ठेवला, कीं पॅरिसच्या दक्षिणेस ल्वार नदी एक मोठें वळण घेऊन पश्चिमेकडे जातांना दिसते. त्या वळणाच्या पोटांत, ल्वार व तिला मिळणारी शेर ह्या दोन नद्यांमध्यें, सुमारें ५,००० चौरस किलोमीटरांचा एक सपाट प्रदेश आहे. त्याचें नांव सोलोन्य. ल्वारच्या परिसरांतील राजवाडे पाहावयास जगभरचे लोक येतात. परंतु बहुतेकांची मोटार शांबोरच्या राजवाड्यापाशीं थांबते आणि तेथूनच माघारी फिरते. त्या राजवाड्यामागें पसरलेलें रान आणि त्यांत दडलेलीं सुमारें तीन हजार तळीं पाहावयाचीं, तर पायींच जावें लागतें. तशा वाटा तेथें आहेत, आणि चांगल्या आंखलेल्या आहेत. मात्र त्या दिसतात तितक्या निर्धास्त नाहींत.

ह्या भूमीची सारी कथा तिच्या मातींत आहे. दक्षिणेकडील डोंगराळ पठारावरून नद्यांनीं लक्षावधि वर्षें वाळू व चिकणमाती वाहून आणली आणि येथें पसरली. चिकणमातीमुळें पाणी मुरत नाहीं, आणि उतार नसल्यामुळें तें वाहूनहि जात नाहीं. हिवाळ्यांत जिकडे तिकडे डबकीं आणि उन्हाळ्यांत तीच जमीन भाजून निघालेली, अशी तिची तऱ्हा. अशा जमिनींतून काय पिकवावें? गहूं नीट येत नसे. राय नांवाचें हलकें धान्य कसेंबसें हातीं लागे. तेव्हां मध्ययुगांत मठांतील साधूंनीं आणि जमीनदारांनीं एक तोड काढली. खोलगट जागेच्या तोंडाशीं मातीचा बांध घालावा, पाणी अडवावें आणि त्यांत मासे वाढवावेत. ख्रिस्ती लोकांस शुक्रवारीं आणि ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासकाळांत मांस वर्ज्य असे, मासा मात्र चाले. समुद्रापासून दूर असलेल्या प्रांतांत जिवंत कार्प माशाला त्यामुळें चांगली किंमत येई. जें तळें पाहणाराला निसर्गाची देणगी वाटतें, तें बहुधा कोणाच्या तरी हिशेबाच्या वहींतून निघालेलें असतें.

तळ्यांचें हें मत्स्यपालन अद्यापि चालू आहे. ऑक्टोबरपासून पुढें हिवाळाभर तळीं रिकामीं करण्याचा हंगाम असतो. बांधाच्या मुळाशीं असलेल्या मोरीचा दट्ट्या वर उचलतात. तळीं पुष्कळदां एकाखालीं एक अशीं ओळीनें बांधलेलीं असतात. त्यामुळें वरच्या तळ्याचें पाणी खालच्या तळ्यांत उतरतें, फुकट जात नाहीं. पाणी ओसरूं लागलें कीं मासे बांधाजवळच्या खोल भागांत गोळा होतात. मग एखाद्या सकाळीं, गारठ्यांत, शेजारीपाजारी जमतात. गुडघाभर चिखलांत उभे राहून जाळें ओढतात आणि कार्प, टेंच, पाइक असे मासे निवडून वेगवेगळे करतात. बांधावरच्या वाटेनें जाणारा पांथस्थ हें पाहण्यास थांबतो, आणि त्या दिवसाचा त्याचा ठरलेला पल्ला बहुधा अपुरा राहतो.

सांठलेल्या पाण्याची दुसरी किंमत मात्र ह्या लोकांनीं शतकानुशतकें मोजली. हिंवताप येथें घरोघर असे. लोक दोष देत तो दूषित हवेला. हिंवतापाच्या जंतूंचा डासाशीं असलेला संबंध १८९७ सालीं रोनाल्ड रॉस ह्यांनीं आपल्याकडील सिकंदराबादेस दाखवून दिला, तोंवर खरें कारण कोणास उमगलें नव्हतें. त्यांत रायच्या कणसांवर पडणाऱ्या बुरशीमुळें हातपाय सडण्याचा भयंकर रोगहि ह्या मुलखांत फिरून फिरून येई. पाणथळ, तापकरी, दरिद्री, अशीच सोलोन्यची ख्याति एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती.

तिसऱ्या नेपोलियननें हा प्रदेश सुधारण्याचें मनावर घेतलें. त्यानें स्वतः लामोत-बव्रों येथें जमीन विकत घेतली, आणि १८५९ सालीं सोलोन्यसाठीं एक मध्यवर्ती शेतकी समिति स्थापन झाली. कित्येक तळीं फोडण्यांत आलीं, चर खणले गेले, ओसाड माळांवर पाइनचीं झाडें लागलीं. ह्या आम्लधर्मी मातींत चुन्याचा अंश नव्हता, तो बाहेरून आणण्यासाठीं सोल्द्र नदीच्या नांवाचा ४७ किलोमीटरांचा कालवा खणला. त्याचें काम १८४८ मध्यें सुरू झालें आणि १८८५ मध्यें पुरें झालें. तोंवर चुन्याची माती आगगाडीनें अधिक सुलभपणें येऊं लागली होती! त्या कालव्याचा व्यापारी उपयोग आतां संपला आहे. त्याच्या कांठानें लोक फिरावयास जातात. झाडांचें नशीबहि असेंच. १८७९-८० च्या कडक हिवाळ्यानें समुद्रकांठच्या जातीचीं पाइन झाडें मोठ्या प्रमाणावर मारलीं, आणि थंडी सोसणारी दुसरी जात लावावी लागली.

ह्या सर्व उद्योगांतून शेती भरभराटली असें नाहीं. भरभराटली ती शिकार. १८४७ सालींच ऑर्लेआंहून व्हिएर्झोंपर्यंत रेल्वे झाली होती. पॅरिसमधील धनिकास सकाळीं निघून दुपारीं येथें बंदूक खांद्यावर घेतां येऊं लागली. रान वाढलेलें, तळ्यांवर बदकें, झाडींत हरणें व रानडुकरें. आणखी काय हवें? जमिनीच्या मोठमोठ्या मिळकती झाल्या आणि त्यांच्या मध्यभागीं तांबड्या विटांचे वाडे उभे राहिले. सोलोन्यमध्यें झाडींतून जे बुरूज डोकावतात त्यांतील कित्येक अशा हौशी शिकाऱ्यांचे, अवघ्या सवादीडशें वर्षांचे आहेत. बडे लोक आणि चोरून शिकार करणारा गरीब गांवकरी ह्यांचा झगडा येथें नित्याचाच झाला. मोरीस झनव्वा ह्याच्या ‘राबोल्यो’ ह्या कादंबरीचा नायक असाच चोरटा शिकारी आहे. तिला १९२५ चें गोंकूर पारितोषिक मिळालें. दुसरी बाजू झां रन्वार ह्यानें १९३९ च्या ‘ला रेग्ल द्यु झ’ ह्या बोलपटांत दाखविली. त्यांतील शिकारीचीं दृश्यें सोलोन्यमध्येंच घेतलीं आहेत. (हा तोच रन्वार, ज्यानें पुढें हुगळीच्या कांठीं येऊन ‘द रिव्हर’ काढला.)

अशा ह्या मुलखाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधील दूरच्या पायवाटांचा आरंभ झाला. झां ल्वाझो ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या मनांत देशभर खुणा केलेल्या लांब वाटांचें जाळें विणावें अशी कल्पना होती. हिंदुस्थान ज्या महिन्यांत स्वतंत्र झाला त्याच महिन्यांत, म्हणजे ऑगस्ट १९४७ मध्यें, ऑर्लेआं ते बोजांसी हा ल्वारच्या कांठचा पहिला तुकडा खुला झाला. ती वाट आज ‘जी. आर. ३’ म्हणून ओळखली जाते आणि ल्वारच्या उगमापासून समुद्रापर्यंत बाराशें किलोमीटरांहून अधिक जाते. अशा व इतर खुणा केलेल्या वाटांची फ्रान्समधील एकूण लांबी आतां पावणेदोन लाख किलोमीटरांच्या वर गेली आहे. खूण अगदीं साधी: झाडाच्या खोडावर अथवा दगडावर वर पांढरा आणि खालीं तांबडा असे दोन आडवे पट्टे. फुली दिसली कीं वाट चुकली. गांवापुरत्या छोट्या वाटांस एकच पिवळा पट्टा. ह्या खुणा रंगविण्याचें काम पगारी नोकर नव्हे, तर हजारों स्वयंसेवक करतात.

सोलोन्यमधील अशी एखादी वाट गांवच्या देवळापासून निघते. प्रथम लांकडी चौकटींत विटा बसविलेलीं बैठीं घरें लागतात, मग भूर्ज आणि ओक ह्यांची राई, मग जांभळ्या हीदरनें झांकलेला माळ. पायाखालची वाळू चालण्यास मऊ, पण पावसांत चिखल घोट्यापर्यंत. तळें एकदम समोर येतें. त्याआधीं वेताच्या सळसळीनें व पाणपक्ष्यांच्या कलकलाटानें त्याची वर्दी मिळते. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर संध्याकाळीं रानांतून हरणांच्या नरांची हंबरल्यासारखी गर्जना ऐकूं येते. ती ऐकण्यासाठीं लोक मुद्दाम मुक्काम करतात. त्यानंतर मात्र बंदुकीचा हंगाम, आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली कीं शहाण्यानें परत फिरावें.

एवढें चालतांना एक गोष्ट ध्यानांत येते, ती अशी कीं वाटेच्या दोहों बाजूंस तार आहे. सोलोन्यमधील बहुतेक रान खासगी मालकीचें आहे. जुन्या काळीं तें उघडें असे. गेल्या कांहीं दशकांत मात्र मालकांनीं दोन दोन मीटर उंचीच्या जाळीचीं कुंपणें घातलीं, कित्येकांनीं जाळीचें टोक जमिनींत पुरलें. आंत शिकारीसाठीं रानडुकरें कोंडून वाढवावयाचीं, हा पुष्कळ ठिकाणचा हेतु. त्यामुळें जनावरांचे पूर्वापार मार्ग तुटले, आग लागल्यास बंबवाल्यांस आंत शिरणें अवघड झालें, आणि चालणाऱ्याला तळें दिसूं लागलें तें जाळीच्या चौकोनांतून.

मग वाट शिल्लक राहिली ती कशी? ह्याचें उत्तर फ्रेंच कायद्यांत आहे. गांवोगांव ‘शमें र्‍युराल’ म्हणजे ग्रामीण वाटा असतात. त्या ग्रामसंस्थेच्या मालकीच्या, पण लोकांच्या वहिवाटीसाठीं राखलेल्या. लोकांची ये-जा बंद पडली तर ग्रामसंस्थेला चौकशी करून अशी वाट विकतां येते, आणि शेजारचा जमीनदार ती घेण्यास तयारच असतो. उलट लोक चालत राहिले, तर वाट सार्वजनिक आहे असें कायदा गृहीत धरतो. १९८३ पासून प्रत्येक जिल्ह्यानें पायवाटांची अधिकृत यादी करावयाची आहे. त्या यादींत चढलेली ग्रामीण वाट विकावयाची झाल्यास चालणाऱ्यांसाठीं योग्य पर्यायी मार्ग द्यावा लागतो. तो न दिल्यास विक्री रद्द ठरते. खोडावरच्या त्या दोन पट्ट्यांचें महत्त्व केवळ दिशा दाखविण्यापुरतें नाहीं, तें ह्यामुळें. तेथून लोक जातात ह्याचा तो उघड पुरावा असतो.

कुंपणांविरुद्धची ओरड अखेर संसदेपर्यंत पोंचली आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजीं कायदा झाला. रानांतील कुंपण १ मीटर २० सेंटिमीटरांहून उंच नसावें, जमिनीपासून ३० सेंटिमीटर मोकळें असावें आणि जनावरांस इजा करणारें नसावें, असें त्यानें ठरविलें. शेती, घराचा परिसर वगैरेंस सवलती ठेवल्या. परंतु त्याच कायद्यानें दुसऱ्या हातानें मालकांनाहि कांहीं दिलें. जमीन खासगी आहे असें जागेवर स्पष्ट दाखविलें असतां परवानगीवांचून रानांत शिरणें, हा आतां दंडाचा गुन्हा झाला. जाळी खालीं आली, पण तिच्या जागीं पाटी आली, अशी चालणाऱ्यांची तक्रार आहे. जाळी गेली तर निदान पाटी तरी हवी, असें मालक म्हणतात. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु रानांत अळंबीं शोधीत हिंडणाऱ्या म्हातारीला आणि बंदूकवाल्या चोराला एकाच मापानें मोजणें कांहींसें विचित्रच दिसतें.

मालकांनीं ह्या कायद्यास आव्हान दिलें. २०२४ सालीं फ्रान्सच्या घटना-मंडळानें तो ग्राह्य ठरविला. जुनीं कुंपणें नियमानुसार करून घेण्यास १ जानेवारी २०२७ ही मुदत ठेवली आहे. कायद्यापूर्वी तीस वर्षांहून आधीं घातलेल्या कुंपणांस तो लागू नाहीं, मात्र तीं तितकीं जुनीं असल्याचें मालकानें सिद्ध करावयाचें. राष्ट्रीय मिळकतींनाहि त्यांतून वगळलें आहे. त्यामुळें फ्रान्स्वा पहिल्यानें १५१९ सालीं शिकारीच्या हौसेनें आरंभिलेल्या शांबोरच्या भोंवतालची भिंत जशीच्या तशी राहणार आहे. ती ३२ किलोमीटर लांब असून तिच्या आंत ५,४४० हेक्टर रान आहे. १९३० पासून तें सरकारच्या मालकीचें असून त्याचा एक भाग चालणाऱ्यांस खुला आहे.